पडक्या नगराचा नकाशा

आमच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सात वाजता बंद होते. त्यानंतरच्या वेळात मुलींनी अभ्यास करावा अशी अपेक्षा असते आणि बव्हंशी तो होतोही. पण गेल्या वर्षापासून आम्ही चौघीजणी दर शनिवारी रात्री कॉटवर चादर अंथरून एक खेळ मांडतो व त्या खेळाकरिता मी ओसाड, पडक्या नगरांचे नकाशे काढते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्गातल्या मुलीने हा काय उद्योग आरंभला आहे, असे रेक्टरबाईंनी एकदा विचारले होते. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही. ते या लेखात द्यावे असा विचार आहे.

प्रथम खेळाविषयी. यात एकजण सूत्रधार होते आणि बाकीच्या एकेक पात्र घेतात. कोणी चोर, कोणी वैद्य, कोणी तलवार चालवणारी. सूत्रधार सांगते, ‘तुम्ही वेशीपाशी आला आहात. वेशीचे एक दार निखळून पडले आहे. आत झाडी माजली आहे. आता काय करता?’ मग प्रत्येक खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगते आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासा टाकला जातो. हा फासा वीस बाजूंचा असतो. तो आमच्या या शहरात कोठेच मिळाला नाही, म्हणून एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या आम्ही स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत. डबा हलवावा आणि चिठ्ठी काढावी. शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. गोष्ट पुढे जाते, इतकेच.

या खेळाचे मूळ सैन्यात आहे, हे वाचून मला नवल वाटले होते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धखेळ आपल्या वरिष्ठांपुढे ठेवला. त्यात दोन पक्षांच्या मध्ये एक पंच असे, आणि प्रत्यक्ष रणांगणावर सेनापतीला जेवढे दिसले असते तेवढेच तो त्या-त्या पक्षाला सांगे. पुढे १९६९ साली अमेरिकेत, मिनिॲपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, डेव्हिड वेस्ली या गृहस्थाने नेपोलियनच्या काळातले एक काल्पनिक जर्मन गाव कल्पून खेळाडूंना सैन्याऐवजी एकेक माणूस चालवावयास दिला. त्याच मंडळींतल्या डेव्ह अर्नेसनने एक किल्ला व त्याखालची तळघरे रचली, आणि गॅरी गायगॅक्सबरोबर मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. आज तो जगभर खेळला जातो. आमच्यापर्यंत तो एका मैत्रिणीच्या इंजिनिअरिंगला असलेल्या भावाकडून आला.

पंचाची ती जुनी रीत मात्र खेळात टिकून आहे. नकाशा सूत्रधाराजवळ असतो. खेळाडूंना तो दिसत नाही. त्या नुसत्या ऐकतात आणि ऐकून आपल्या वहीत आपला नकाशा काढतात. रात्री अकराला दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहण्यात जी मौज आहे ती सांगून कळणार नाही.

आता प्रश्न असा की, नगर पडकेच का? याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. नांदत्या नगरात कोतवाल असतो, दारांना कुलपे असतात, परक्या माणसाला चार जण हटकतात. पडक्या नगरात दारे उघडी, कायदा नाही आणि खाली काही पुरलेले असेल ही आशा. म्हणून या खेळाच्या लेखकांना पडकी नगरे फार प्रिय. १९८१ साली डेव्हिड कुक यांनी जंगलात हरवलेल्या एका नगराचे पुस्तक लिहिले. १९८३ साली केऑसियम या प्रकाशन संस्थेने ‘बिग रबल’ म्हणजे ‘मोठा ढिगारा’ अशा नावाचे पडके नगर काढले. त्यात प्रचंड तटाच्या आत जुने, मोडलेले शहर आहे आणि तटाला लागून बाहेर नवे गाव वसलेले आहे. हे वर्णन वाचताना मी जराशी थांबले होते. का, ते पुढे येईल.

माझा पहिला नकाशा मी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढला. जुन्या पुस्तकांत एक चौकट म्हणजे दहा फूट असे धरण्याची पद्धत आहे, तीच मी उचलली. चौकोनी घरे काढली, त्यांच्या भिंती जागोजाग तोडल्या, सगळीकडे भेगा आणि दगडांचे ठिपके टाकले. दिसायला तो झकास होता. पण खेळात अर्ध्या तासात निकालात निघाला. प्रत्येक गल्ली सारखी, प्रत्येक घर सारखे. डावीकडे वळा की उजवीकडे, फरक काहीच पडेना. माझी रूममेट, जी एरवी फारसे बोलत नाही, ती म्हणाली, “हे शहर पडलेलं नाहीये गं. हे कधी बांधलंच नव्हतं.”

हे वाक्य मला लागले, कारण ते खरे होते.

दिवाळीच्या सुट्टीत तो कागद मी घरी नेला. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या कुठल्याही कागदाकडे घरातले लोक परीक्षेचा पेपर असल्यासारखे आदराने पाहतात. आजीला अक्षर येत नाही. तिने कागद उलटसुलट करून पाहिला, हे काय म्हणून विचारले, आणि मी गाव म्हणून सांगितल्यावर म्हणाली, “मग पानी कुटून आणायची रं ही मानसं?”

नकाशात विहीर नव्हती. नदी नव्हती. बाजार नव्हता, गुरे बाहेर काढायची वाट नव्हती, मसणवाट नव्हती. आजीने पंधरा मिनिटांत एकामागून एक असे इतके प्रश्न विचारले की, मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. आज कुठलाही नकाशा काढताना ते पान मी समोर ठेवते. पडके नगर काढायचे असेल तर आधी ते नांदते काढले पाहिजे, ही गोष्ट मला पुस्तकाने नव्हे, तिने शिकवली.

तर माझी आजची रीत अशी. पहिल्या कागदावर नगर धडधाकट काढायचे. आधी पाणी, मग पाण्यावरून वस्ती, वस्तीतून बाजाराची वाट, वाटेवरून वेस. ओढा वेशीच्या उजवीकडून वाहतो असे एकदा ठरले की कोष्टी-रंगारी कोठे राहतील, चढावर कोणाचे वाडे असतील, हे फारसे ठरवावे लागत नाही. माप मात्र बदलावे लागते. दहा फुटांच्या चौकटीने अर्ध्या मैलाचे गाव काढायचे म्हटले तर एका बाजूला दोनशे चौसष्ट चौकटी लागतात. वहीचे पान कोठून पुरणार? म्हणून मी एक चौकट शंभर फुटांची धरते, म्हणजे सव्वीस चौकटींत गाव बसते, आणि ज्या पाच-सहा जागी खेळ रंगणार तेवढ्या वेगळ्या कागदावर मोठ्या करून काढते. मापाची ही दृष्टी आली भूगोलाच्या प्रात्यक्षिकांतून. प्लेन टेबल घेऊन कॉलेजचे मैदान मोजताना आम्ही सरांना मनातून पुष्कळ नावे ठेवली होती, ती या लेखाद्वारे परत घेते.

दुसरा कागद ट्रेसिंगचा. तो पहिल्यावर ठेवून नगर पाडायचे. येथे नवशिक्या सूत्रधाराची हमखास चूक होते. ती सगळेच सारखे पाडते. वास्तविक प्रत्येक आपत्तीची मोडतोड करण्याची तऱ्हा निराळी आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई बुजवले. आधी हलक्या दगडांचा पाऊस पडून त्या भाराने छपरे खचली, पुढे राखेने सगळे झाकून टाकले. त्यामुळे खालच्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि भट्टीतले पावसुद्धा जागच्या जागी सापडले. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगर लुटले गेले, तेथे तऱ्हा दुसरी. गेल्या वर्षी इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही हंपी पाहिली. देवळे दगडाची म्हणून उभी आहेत. राजवाड्यांचे वरचे काम लाकडी होते, त्यांचे नुसते जोते उरले आहे. आणि मौज अशी की, त्या काळचे काही कालवे आजही केळीच्या बागांना पाणी देत आहेत. राजा गेला, राजवाडा गेला, पाट वाहतो आहे. आजीला हे सांगितले तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटले नाही.

भूकंपाची तऱ्हा मला वाचावी लागली नाही. आमचे गाव लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक निजले असताना, जो भूकंप झाला आणि ज्यात सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यात पुन्हा वसवाव्या लागलेल्या बावन्न गावांपैकी ते एक. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, पण बिनघडीव दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या. वर लाकूड आणि त्यावर फूट-दीड फूट माती. ऊन बाधू नये म्हणून हे सारे. भिंत हादरली की तिचे आतले आणि बाहेरचे अंग सुटे होते, आणि डोक्यावरची माती खाली येते. जी भिंत जितकी जाड तितका तिचा ढिगारा मोठा. माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे होते. ते सांगतात की, उजाडल्यावर गल्ल्याच राहिल्या नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या भिंती बोळात येऊन बोळ भरून गेला होता आणि लोक घरांवरून चालत होते.

सूत्रधाराच्या दृष्टीने यातच सगळे रहस्य आहे. १७४८ साली नोली नावाच्या वास्तुकाराने रोम शहराचा प्रसिद्ध नकाशा काढला. त्यात राहती घरे काळीभोर भरलेली आहेत, आणि रस्ते, चौक, एवढेच नव्हे तर चर्चचे अंतर्भागही पांढरे आहेत. म्हणजे जेथे कोणालाही पाऊल टाकता येते ते पांढरे, बाकी काळे. नांदत्या नगराचा नकाशा असाच असतो. नगर पडले की काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल होते. रस्ता ढिगाऱ्याने बंद होतो आणि भिंतीला पडलेल्या खिंडारातून माणूस एका घरातून दुसऱ्या घरात, तेथून तिसऱ्याच्या परसात निघतो. ज्या नकाशात ही अदलाबदल झाली आहे त्यात खेळाडूंना खरोखर विचार करावा लागतो. देवळाचे शिखर समोर दिसते आहे, सरळ वाट बुजली आहे. आता सोनाराच्या घरातून जायचे की ओढ्याच्या पात्रातून? माझ्या दुसऱ्या नकाशावर आमचा खेळ सलग तीन शनिवार चालला.

तिसरा कागद वर्षांचा. यावर झाडे, साचलेले पाणी, नव्या पायवाटा आणि नवे रहिवासी येतात. या कागदाकडे पुष्कळजणी दुर्लक्ष करतात, पण नगर मोडण्याचे मोठे काम आपत्ती करीतच नाही. ते शेजारी करतात. रोमचे जलवाहिन्यांचे पूल गॉथांनी ५३७ साली वेढ्यात तोडले. उंचावरच्या भागांना पाणी मिळेना तसे लोक हळूहळू टायबर नदीच्या वळणाशी सरकले. ज्या फोरममध्ये साम्राज्याचा कारभार चालला तेथे पुढे गुरे चरू लागली, आणि त्या जागेला लोक ‘कांपो व्हाच्चीनो’ म्हणजे गुरांचे रानच म्हणत. कलोसियमचा दगड गाड्या भरभरून नेऊन इतरांनी राजवाडे व चर्च बांधले. तेव्हा नकाशावर एखादी भिंत पुसताना तिचे दगड कोठे गेले हे ठरवावे. बाहेरच्या नव्या खेड्यात गेले असतील तर त्या खेड्यातल्या एखाद्या घराच्या पायरीवर जुन्या राजाचा शिलालेख उलटा बसवलेला खेळाडूंना सापडतो, आणि मग पुढची गोष्ट आपोआप सुरू होते. आमच्या नव्या गावातल्या गोठ्याची भिंत जुन्या घराच्याच दगडांची आहे.

आता जे सांगायचे ते टाळता आले असते. परंतु त्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

जुन्या गावठाणात आता वेडी बाभूळ माजली आहे. दिवाळीत आजीच्या प्रश्नांनी डोके तापल्यावर मी तेथे दोन सकाळी फिरले. वेस, पाटलांची गढी, मारुतीचे देऊळ, बारव, पिंपळाचा पार एवढे सापडले, त्यांची अंतरे पावलांनी मोजली आणि नकाशा काढला. वर एक बनावट नाव घातले आणि वसतिगृहात तो खेळायला मांडला. माझ्या मते इतका चांगला नकाशा मी तोवर काढला नव्हता. त्यात पाणी होते, बाजार होता, बोळ बुजलेले होते. मैत्रिणी रंगून गेल्या. तासाभराने त्या वेशीपासून तिसऱ्या घरापाशी आल्या आणि त्यांच्यातली एक म्हणाली, “आम्ही ढिगारा उपसतो. खाली काय सापडतं?”

हा या खेळातला अगदी नेहमीचा प्रश्न. सूत्रधाराने डबा हलवावा आणि चिठ्ठी काढावी. अठराच्या वर आकडा आला तर सोन्याचे नाणे, दहाच्या वर आला तर भांडे, असे मीच लिहून ठेवले होते. माझा हात डब्यात तसाच राहिला. वेशीपासून तिसरे घर आमचे होते. त्या ढिगाऱ्याखाली दुपारपर्यंत उपसून आजोबांनी आणि शेजाऱ्यांनी जिला बाहेर काढले ती माझी आत्या. तिला मी पाहिलेले नाही; ती सात वर्षांची होती.

मी डब्याचे झाकण लावले आणि त्यांना खरे काय ते सांगितले. त्या रात्री पुष्कळ वेळ आम्ही बोललो. विचारणारीला फार वाईट वाटले, वास्तविक तिचा काहीच दोष नव्हता. रूममेटने मात्र एक मुद्दा काढला, तो मला अजून सोडत नाही. ती म्हणाली, “पाँपेईत पण कोणाच्या तरी आत्या होत्याच की. तिथं आपण मजेत खणतो. मग किती वर्षं गेली म्हणजे चालतं?” यावर इतिहासाच्या विद्यार्थिनीजवळ उत्तर असायला हवे. दोन हजार वर्षे चालतात आणि तीस चालत नाहीत, हे मला आतून कळते. पण मधली रेघ कोठे ओढायची ते सांगता येत नाही. तूर्त मी एवढेच केले आहे की, ज्या घराचा वारस मला ठाऊक आहे ते घर खेळात घेत नाही. आणि कल्पित नगरातसुद्धा कुठलेही घर पाडण्यापूर्वी पहिल्या कागदावर त्यात कोण राहत होते ते एका ओळीत लिहिते. गूळ विकणारी विधवा, दोन मुलगे, एक आंधळा बैल, असे काहीतरी. याचा खेळालाही उपयोगच होतो. ढिगारा उपसल्यावर सोन्याच्या नाण्याऐवजी गुळाची ढेप ठेवायची लाकडी पाटी निघाली की खेळाडू आपोआप हळू बोलू लागतात.

सध्या खेळात जे नगर चालू आहे ते सर्वस्वी कल्पित आहे. खाडीवरचे बंदर, गाळाने बुजलेले. ते कोणी पाडले नाही. समुद्र दूर गेला आणि व्यापारी उठून गेले. त्याचा तिसरा कागद फार अवघड गेला, कारण भिंती पडायला काही निमित्तच नव्हते. शेवटी सगळी लाकडी छपरे नव्या बंदराकडे वाहून नेली, तेव्हा पावसाने बाकीचे काम केले.

आमच्या गावठाणाचा नकाशा मी खेळातून काढून घेतला. त्यावरचे बनावट नाव खोडले. मे महिन्यात तो घरी नेला तेव्हा आजीने तो जमिनीवर पसरायला लावला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून कोणाचे घर ते सांगू लागली. तीन संध्याकाळी मी नुसती लिहीत होते. शेजारच्या बायका जमल्या. नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद आहेत, घरे एकसारखी आणि नंबराची आहेत, आणि आजीची तक्रार अशी की, इथून तिथं हाक ऐकू जात नाही. त्या तीन संध्याकाळी ती तक्रार तिने केली नाही. एकशे चाळीस घरे भरून झाली. पिठाच्या गिरणीपाशी मात्र गाडे अडले. तेथून बोळ बारवेकडे वळत होता असे आजी म्हणते आणि मारुतीकडे वळत होता असे चुलत आजी म्हणते. दोघींचेही म्हणणे असे की, रोज घागर घेऊन आपणच त्या वाटेने जात होतो. जागेवर जाऊन पाहिले तर बाभळीत काही समजत नाही. तूर्त तो बोळ मी दोन्हीकडे पेन्सिलीने काढून ठेवला आहे.